उकळीला उशीर झाला होता

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं, की शहराची गर्दी मागे पडते आणि घाट सुरू व्हायच्या आधी सिमरोल येतं. पुढे भेरूघाट, चोरल, बडवाह आणि नर्मदेपलीकडे ओंकारेश्वर. श्रावणात हा रस्ता भगवा होतो. खांद्यावर नर्मदेच्या पाण्याची कावड घेतलेले यात्री ओंकारेश्वराकडून उज्जैनच्या महाकाळाकडे चालत निघतात. त्यांच्यासाठी जागोजागी मंडप पडतात, भट्ट्या पेटतात, पोहे, साबुदाण्याची खिचडी, पुरी-भाजी यांचे टोप चढतात. याच सिमरोलमध्ये २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटी इंदूरचा विस्तीर्ण परिसर आहे, म्हणजे शेकडो विद्यार्थ्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या मेसही आहेत. भंडारा असो की मेस, मोठ्या स्वयंपाकाची भाषा एकच. त्या भाषेतलं सगळ्यात धीराचं वाक्य म्हणजे, ‘काही होत नाही, वाढायच्या आधी पुन्हा एक उकळी आणू.’

हे वाक्य किती खोटं ठरू शकतं, याचा पुरावा सिमरोलपासून फार दूर, उत्तर ध्रुवाजवळच्या आकाशात सापडतो. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी जपान एअरलाइन्सचं एक जंबो जेट टोकियोहून पॅरिसला निघालं होतं. वाटेत अलास्कातल्या अँकरेजला आणि डेन्मार्कच्या कोपनहेगनला थांबा होता. आत साडेतीनशेच्या आसपास माणसं. बहुतेक प्रवासी एका शीतपेय कंपनीचे जपानी विक्रेते आणि त्यांचे कुटुंबीय. चांगल्या विक्रीचं बक्षीस म्हणून पॅरिसची सहल मिळाली होती. त्या सहलीच्या न्याहारीचा प्रवास नंतर तपासकांनी तासातासाने उलगडला. खालची मोजणी त्याच हिशेबाची आहे. शून्य म्हणजे पहिली उलटी.

साडेएकोणतीस तास बाकी

अँकरेजच्या विमानतळाजवळचं स्वयंपाकघर. तीन आचारी पुढच्या टप्प्यासाठी न्याहारी बांधतायत. ऑम्लेट आणि त्यासोबत हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस. त्यातल्या एका आचाऱ्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला फोड आलेत, त्यांत पू झालाय. तो त्याच हाताने हॅमच्या चकत्या लावतो.

त्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू आहे. १८८० च्या सुमारास ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना सूक्ष्मदर्शकाखाली पुवात हे जिवाणू द्राक्षांच्या घडासारखे दिसले. नावातला ‘स्टॅफिली’ म्हणजे ग्रीकमधला तोच घड. हा काही परका शत्रू नव्हे. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात तो निवांत राहतो. शिवाय त्याला मिठाचं वावडं नाही. खारवलेल्या मांसात इतर जिवाणू मान टाकतात, याला मात्र रान मोकळं मिळतं. मीठ टिकवतं हा आपला अनुभव खोटा नाही, फक्त या एका पाहुण्याला तो लागू नाही.

या क्षणी उपाय अगदी फुकट होता. बोटाला फोड असलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काम द्यायचं. सिमरोलच्या मंडपात हाच माणूस पुऱ्या तळायला चालेल, कारण त्या कढईतून थेट पानात जातात. उकडलेले बटाटे कुस्करायला तो नको. रोजंदारीवर आलेला आचारी मात्र बोटाला चिंधी गुंडाळून गप्प राहतो, कारण ‘आज बस’ म्हणजे ‘आजची मजुरी नाही.’ हा भाग कुठल्याच प्रयोगशाळेत सुटत नाही. ‘फोड दाखवलास तरी रोज मिळेल’ असं म्हणणारा आयोजकच तो सोडवू शकतो.

साडेसत्तावीस तास बाकी

ताटल्या भरून झाल्या, त्या ओट्यावरच आहेत. दोन तास उलटले. शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम असेल तर ६० अंशांच्या वर आणि गार असेल तर ५ अंशांच्या खाली ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा म्हणजे जिवाणूंची चावडी.

हा पट्टा आपल्या हवामानात फसवा आहे. पाऊस पडत असला, गार वारा सुटला, की आचाऱ्याला वाटतं अन्न टिकेल. पण श्रावणातली माळव्याची ‘गार’ हवासुद्धा जिवाणूंना उबदार गोधडीसारखी असते.

साडेतेवीस तास बाकी

ओट्यावर एकूण सहा तास गेले. कुणी काही चूक करत नव्हतं. खरं तर कुणी काहीच करत नव्हतं. घटनाक्रमातला हाच सगळ्यात गजबजलेला काळ.

हिशेब करून बघा. चांगल्या उबेत जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर सहा तासांत बारा वेळा दुप्पट. शंभराचे चार लाखांच्या वर. एका ग्रॅम अन्नात यांची संख्या लाखाच्या घरात गेली, की ते पोटाला पुरेल इतकं विष सोडू लागतात. हे विष म्हणजे एक छोटंसं, चिवट प्रथिन. माणसाला आडवं करायला त्याचा एका ग्रॅमचा दहा लाखावा भागही जास्त होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ‘वास घेऊन बघ, उतरलंय का’ ही आजीची परीक्षा दुधाला लागू पडते, आंबट झालेल्या आमटीला लागू पडते. इथे ती नापास होते, कारण अन्न उतरलेलंच नसतं.

आणि मुख्य गोष्ट, जिवाणू उकळीने मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं हे विष उकळीला दाद देत नाही.

म्हणजे साडेतेवीस तास आधीच पुढच्या बऱ्याच दारांना कुलूप लागायला लागलं होतं.

बावीस तास बाकी

ताटल्या आता शीतगृहात आहेत. पण तिथलं तापमान १० अंश. गारठ्याने बोटं आखडतील इतकं थंड, पण हवं त्याच्या दुप्पट. हा जिवाणू ७ अंशांच्या आसपासही जीव धरून असतो. १० अंशांवर तो रेंगाळतो, थांबत नाही.

इथे थोडं थांबून सिमरोलच्या टोपाकडे बघू. ‘फ्रीजमध्ये ठेवलं होतं’ हे आपलं दुसरं धीराचं वाक्य. मोठ्या टोपातली वीस-पंचवीस किलो भाजी किंवा खिचडी शीतगृहात ढकलली, तर कडा गार होतात आणि मधला गाभा कितीतरी तास कोमट राहतो. त्या गाभ्यात दुसरा एक जिवाणू वाट बघत असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याला हवा नको असते आणि उकळलेल्या अन्नातून हवा आधीच निघून गेलेली असते. ४३ ते ४५ अंशांच्या उबेत तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. पाश्चात्त्य देशांत त्याला खानावळीचा जिवाणू म्हणतात, कारण चारजणांच्या घरच्या पातेल्यापेक्षा चारशेजणांच्या टोपात त्याचं जास्त फावतं.

भाताचा वेगळाच पाहुणा. बॅसिलस सिरियस तांदळावर बीजाणूच्या रूपात बसलेला असतो. बीजाणू म्हणजे जिवाणूने स्वतःभोवती बांधलेला किल्ला. उकळी आली तरी किल्ला पडत नाही, उलट उष्णतेने आतला जिवाणू जागा होतो. रात्रीचा भात बाहेर राहिला, की सकाळपर्यंत तो आपलं विष तयार करून ठेवतो. ते तर इतकं चिवट, की प्रेशर कुकरची उष्णताही त्याला पुरत नाही. सकाळी त्याच भाताला फोडणी दिली तरी घमघमाट येईल फोडणीचा, आतलं विष आतच राहील.

यावर उपाय घरगुती आहे. गरम खिचडी मोठ्या टोपात न ठेवता पसरट परातींत दोन-तीन बोटं जाडीचा थर देऊन ओतायची. परातीखाली बर्फाचं पाणी असेल तर उत्तम. थर पातळ झाला, की गाभाच उरत नाही.

सोळा तास बाकी

शीतगृहाचं दार बंद. नव्या तंत्रज्ञानाबद्दल बोलायला ही वेळ बरी, कारण या सगळ्या घटनाक्रमात यंत्र लावता येईल अशा जागा मोजक्याच आहेत.

पहिलं तंत्र दाबाचं. पाकिटबंद अन्न पाण्याच्या टाकीत ठेवून वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट दाब द्यायचा. उष्णता नाही, त्यामुळे चव शाबूत. पण जिवाणूंचं आवरण आणि आतली प्रथिनं कोलमडतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बर्ट हाइट यांनी १८९९ मध्ये दुधावर दाबाचे प्रयोग केले होते. बाजारात मात्र हे तंत्र १९९० च्या सुमारास जपानी जॅमच्या बरण्यांतून आलं.

दुसरं किरणांचं. हे आपल्या दारात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ केंद्र गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणं थांबवतं. २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच किरणं घेऊन. वाशीच्या केंद्रात मसाल्यांवर हीच प्रक्रिया होते. मसाल्याच्या पुडीतले जिवाणू पोळले जातात, पण मसाला भाजला जात नाही.

तिसरं विषाणूंचं. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना जिवाणूभक्षी म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिस्टेरिया नावाच्या जिवाणूविरुद्ध असं मिश्रण तयार मांसावर फवारायला परवानगी दिली.

चौथं ऐकून आजी हसेल. हळद. कुरकुमिनवर निळा प्रकाश टाकला, की ते जवळच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो ऑक्सिजन जिवाणूच्या भिंतीला भोकं पाडतो. फळांच्या सालीवर, ओट्यासारख्या पृष्ठभागांवर हे चालेल का, यावर जगभर प्रयोग चाललेत. थंड प्लाझ्मा, विजेचे क्षणिक झटके, अतिनील प्रकाश ही याच कुळातली भावंडं.

ही सगळी तंत्रं खरी आहेत, कामाचीही आहेत. पण एक अट सगळ्यांना समान आहे. ती जिवाणू मारतात, त्याने टाकून ठेवलेलं विष वेचून काढत नाहीत. बीजाणूच्या किल्ल्यापुढे नुसता दाबही थकतो. म्हणजे अँकरेजच्या त्या ताटल्यांवर हॅम लागल्या लागल्या दाब दिला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. सोळा तास बाकी असताना दिला असता, तर जिवाणू मेले असते आणि विष तसंच राहिलं असतं. धोका त्याहून मोठा आहे. तपासणीत ‘जिवाणू आढळले नाहीत’ असा स्वच्छ दाखला मिळाला असता.

ही कल्पना नाही. मार्च २००० च्या अखेरीस जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या एका दूध कारखान्यात छतावरचं बर्फ कोसळल्याने वीज गेली. सुमारे तीन तास दूध उबेत पडून राहिलं. नंतर रीतसर तापवलं, जिवाणू मेले, भुकटी झाली. ती भुकटी वापरून जूनमध्ये ओसाका परिसरात विकलेल्या दुधाने तेरा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्या दुधात जिवंत जिवाणू सापडणं शक्यच नव्हतं, विष मात्र होतं. वीज गेली ते तीन तास आणि अँकरेजच्या ओट्यावरचे सहा तास एकाच जातीचे.

नऊ तास बाकी

साडेचौदा तासांनी ताटल्या शीतगृहातून निघतात आणि विमानात चढतात. विमानातल्या ओव्हनमध्येच त्या ठेवल्या जातात, पण ओव्हन बंद आहे आणि आत गारवा नाही. म्हणजे थंडीही नाही, आचही नाही. पुढचे आठ तास पुन्हा चावडीवर.

अँकरेजहून नवं वैमानिक पथक चढतं. त्यांच्या अंगातलं घड्याळ अलास्काचं आहे. ही गोष्ट आत्ता क्षुल्लक वाटते. लक्षात ठेवा.

पाच तास बाकी

विमान ध्रुवाच्या बाजूने जातंय. प्रवासी झोपलेत. सिमरोलच्या मंडपातही रात्रीच्या या वेळी असंच असतं. सकाळच्या जथ्यासाठी खिचडी करून ठेवलेली, टोपावर झाकण, झाकणावर वीट. स्वयंसेवक सतरंजीवर कलंडलेले. सेवेत कसूर नाही. उलट सेवेच्या उत्साहातच स्वयंपाक फार आधी उरकलेला असतो. मंडळींचा अभिमान असतो, ‘आमच्याकडे पहाटे चारला तयार असतं.’

दीड तास बाकी

ओव्हन चालू होतात. ऑम्लेट चांगलं गरम होतं, वाफ येते. हीच ती ‘पुन्हा एक उकळी.’ हॅमवरचे बरेचसे जिवाणू आता मरतात. त्यांचं काम कधीच झालंय.

एक तास बाकी

न्याहारी वाढली जाते. वैमानिकांना मात्र त्यांच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे न्याहारीची वेळ झालेली नाही, ते ऑम्लेटऐवजी स्टेक घेतात. ना नियम, ना हुशारी, निव्वळ भूक. तेवढ्या एका योगायोगावर साडेतीनशेच्या आसपास जीव टिकून आहेत.

शून्य

कोपनहेगन जवळ येतंय आणि एकेक करून लोक पोट धरून वाकतात. उलट्या, मुरडा, जुलाब. बहुतेक अन्नजन्य आजार पोटात रुजायला वेळ घेतात, साल्मोनेलाला तर सहा तासांपासून तीन दिवसही लागतात. इथे रुजायचं काही नव्हतंच, विष तयार होतं. म्हणून तासाभरात १९६ प्रवासी आणि एक हवाई सुंदरी आजारी पडली. विमान सुखरूप उतरलं. १४० हून अधिक जणांना रुग्णालयांत हलवावं लागलं. डॉक्टरांना जपानी येईना, रुग्णांना डॅनिश येईना. शेवटी कोपनहेगनमधल्या जपानी उपाहारगृहांतली माणसं दुभाषी म्हणून बोलावली. एका स्वयंपाकघराने केलेलं दुसऱ्या स्वयंपाकघरांतल्या माणसांनी निस्तरलं.

संकट आलं, की यंत्रणा कुठे अपुरी आहे हे असं उघडं पडतं. तिथे भाषा कमी पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाण्याच्या लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना रात्री विषबाधा झाली, तेव्हा बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा कमी पडली. झाडांना दोर बांधून त्यावर सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या आणि माणसं उघड्यावर झोपवली होती. पंगत पाचशेची आणि खाटा मोजक्या, हे गणित देशात कुठेही सारखंच.

नंतरचे तास

कोपनहेगनमधले प्रवासी सगळे बरे झाले. तपासकांनी उरलेल्या ताटल्यांतलं हॅम तपासलं, त्यात सापडलेला जिवाणू आचाऱ्याच्या फोडातल्या जिवाणूशी जुळला. अन्न तयार झाल्यापासून वाढेपर्यंत नीट थंड ठेवलं असतं, तर त्या फोडानेही काही झालं नसतं, हा त्यांचा निष्कर्ष. वैमानिकांनी एकाच आचाऱ्याच्या हातचं एकच जेवण घेऊ नये, अशी सूचनाही पुढे आली. या प्रकरणात एक मृत्यू मात्र झाला. अँकरेजमधल्या खाद्यसेवेच्या व्यवस्थापकाने आत्महत्या केली. फोड दुसऱ्याच्या बोटाला होता, ओट्यावरचे सहा तास सगळ्यांचे होते, भार एकट्याने घेतला.

म्हणून बोट कुणाचं, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. फोड आज नाही तर उद्या कुणाच्या तरी हाताला येणारच, तांदळावर बीजाणू असणारच. जिवाणूला संधी देतात ते रिकामे तास, ज्यांना कुणी मालक नसतो. शिजवायला आचारी असतो, वाढायला वाढपी असतो. शिजल्यापासून वाढेपर्यंतच्या वेळेला मात्र मंडळाच्या यादीत कुणाचंही नाव नसतं. दाबाचं यंत्र, गॅमा किरण, हळदीवरचा निळा प्रकाश हे सगळं कारखान्याच्या दाराशी, कच्च्या मालाशी, बंद पाकिटाशी उपयोगी पडेल आणि पडावं. खंडवा रस्त्यावरच्या मंडपात मात्र ज्या घडीला यंत्राची गरज असते, त्या घडीला तिथे एक टोप, एक झाकण आणि एक झोपलेला स्वयंसेवक असतो.

त्या स्वयंसेवकाच्या हातात कोळशाचा एक तुकडा द्यावा. टोप भट्टीवरून उतरला, की झाकणावर मोठ्या आकड्यांत वेळ लिहायची. दोन तासांत पंगत बसली तर वाढा. बसणार नसेल तर मंद आचेवर वाफाळता ठेवा, नाहीतर परातींत पसरून लगेच थंड करा. दोन्ही झालं नसेल आणि आकडे पुसट व्हायला लागले असतील, तर ते अन्न टाकून द्यायचं. अन्न पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या माणसाला ते टाकताना जीव तुटेल. पण त्या घडीला भट्टी पेटवून ‘एक उकळी आणू’ म्हणणाऱ्याला झाकणावरचा आकडा तेवढा दाखवावा.